तीस मिली

पहाटे ५.४० : आठ तास आधी

फडात अजून नीट उजाडलेलं नव्हतं. ऊसतोडीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. बीडकडून आलेला हा कोयता दिवाळीनंतर आमच्या तालुक्यात उतरला होता. तीनला उठून भाकरी खाल्लेली, चारपासून तोड चालू. ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होती. दवानं फळी ओली झाली होती. पाय सटकला आणि ती डाव्या हातावर आली. मनगटाच्या वर दोन्ही हाडं मोडली, एकाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं. पडताना ट्रकच्या पत्र्याची कड कपाळाला लागली.

हे मला चार दिवसांनी तिच्या नवऱ्याकडून कळलं. मी भूलतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावातल्या सात-आठ छोट्या रुग्णालयांत बोलावतील तिथे जातो, औषधांची बॅग गाडीच्या डिकीत असते. त्या दिवसाची घड्याळं मी इतक्या वेळा उलटी मोजली आहेत की सरळ सांगायला गेलो तरी आकडे १.४१ पासून मागेच जातात. तसेच सांगतो.

सकाळी ७.२५ : सव्वासहा तास आधी

मुकादमानं जीपमधून तिला रुग्णालयात आणलं. आपत्कालीन खोलीत सिस्टरांनी कागद भरायला घेतला. नाव, वय, गाव, ॲलर्जी.

"बाई, वजन किती तुमचं?"

"काय म्हाईत."

वजनकाटा शेजारच्या खोलीत होता आणि त्यावर सलाइनच्या बाटल्यांचं खोकं ठेवलेलं होतं. बाईचा हात मोडलेला, कपाळातून रक्त येतंय, अशा वेळी तिला उभं करून काट्यावर कोण चढवणार? सिस्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ५५ लिहिलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेवढंच लिहिलं असतं. ऊसतोडीच्या बायका लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, पाचट कापू नये म्हणून, आणि डोक्याला जाड फडकं गुंडाळतात. त्या कपड्यांत माणूस भरल्यासारखं दिसतं.

तिचं खरं वजन ३८ किलो होतं.

नवरा दाराशी उभा होता. त्याला ट्रकमध्ये किती टन भरले आणि काट्यावर किती भरतील याचा अंदाज होता. कारखान्याच्या काट्यावर मापात मारतात म्हणून तो प्रत्येक खेपेची पावती जपून ठेवतो. बायकोचं वजन त्याला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं असं मला वाटतं. जी माणसं रोज मोळ्या उचलतात त्यांना हातानं वजन कळतं.

सकाळी ९.०० : पावणेपाच तास आधी

मी दुसऱ्या रुग्णालयात सिझेरियनच्या बाईला पाठीत सुई देऊन नुकता उभा राहिलो होतो. सर्जनांचा फोन आला.

"सर, ओपन बोथ-बोन फ्रॅक्चर आहे, डावा हात. पहाटे तीनला जेवलीय. दुपारी एकला घेऊ?"

"घेऊ. ब्लॉक देतो."

"तेच म्हणणार होतो."

बोलणं एवढंच. साखर, रक्तदाब, दमा विचारला. वजन विचारलं नाही. औषधाचा आकडा त्याच क्षणी ठरला होता, फक्त मला तो ठरलाय हे जाणवलं नाही. 'ब्लॉक देतो' म्हणताना माझ्या डोक्यात एक सिरिंज तयार असते. पंधरा लिग्नोकेन, पंधरा बुपिवाकेन, दोन्ही बधिर करणारी औषधं. तीस मिली.

सकाळी १०.४० : तीन तास आधी

गाडीत होतो. कॅनॉलच्या कडेनं रस्ता जातो, दोन्ही बाजूंनी ऊस. हा तास त्या दिवशी रिकामा होता, म्हणून इथे थांबून तीस मिलीची गोष्ट सांगायला हवी.

खांद्यापासून बोटांपर्यंतच्या सगळ्या संवेदना मानेतून निघणाऱ्या नसांच्या एका जुडग्यातून येतात. ते जुडगं हसळीच्या हाडामागून, पहिल्या बरगडीवरून, एका मोठ्या धमनीला चिकटून हातात उतरतं. त्याभोवती बधिर करणारं औषध सोडलं की हात झोपतो आणि माणूस जागा राहतो. श्वास त्याचा त्याचाच चालतो, पोटात अन्न असलं तरी धोका कमी, आणि ऑपरेशननंतर कित्येक तास दुखत नाही. गरीब माणसाच्या दृष्टीनं याच्यासारखी भूल नाही. मी ती मनापासून देतो, आजही.

आम्ही शिकलो तेव्हा सुई आंधळी होती. बोटानं धमनी चाचपायची, सुई आत घालायची, आणि रुग्ण "अंगठ्यात झिणझिण्या आल्या" म्हणाला की तिथे औषध सोडायचं. नेमकी नस कुठे हे कळत नसल्यामुळे तीस-चाळीस मिली देत होतो. सगळा वाफा भरला की मुळाला पाणी पोचणारच, हा त्यामागचा हिशेब. पाटपाणी.

मग सोनोग्राफी आली. १९९४ साली व्हिएन्नामध्ये स्टेफान काप्राल आणि सहकाऱ्यांनी हसळीच्या वरचा ब्लॉक पडद्यावर पाहत दिला. आपल्याकडे तालुक्यापर्यंत ती पोचायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. आता सुईचं टोक दिसतं, नस दिसते, औषध नसेभोवती पसरताना दिसतं. म्हणजे ठिबक आलं. ठिबक आल्यावर शेतकरी पाणी कमी करतो. आमच्यातले अनेकजण अजून पाटाएवढंच सोडतात.

किती कमी चालतं याचे पुरावे समोर आहेत. २००९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या डॉक्टरांनी काखेतल्या ब्लॉकला प्रत्येक नसेला १ मिली, एकूण ४ मिली दोन टक्के लिग्नोकेन दिलं आणि हाताची ऑपरेशनं झाली. रुग्ण फक्त अकरा होते आणि देणारे हात फार तयार होते, त्यामुळे उद्यापासून सगळ्यांनी चार मिली द्यावं असं कोणी म्हणत नाही. त्याआधी २००८ मध्ये टोरांटोत खांद्याच्या ब्लॉकसाठी ५ आणि २० मिलीची तुलना झाली. दुखणं दोन्हीकडे सारखंच थांबलं. २० मिली दिलेल्या सगळ्यांचं त्या बाजूचं श्वासपटल लुळं पडलं, ५ मिलीवाल्यांपैकी ४५ टक्क्यांचं.

हे सगळं मला माहीत होतं. हे मी कनिष्ठांना सांगितलेलं आहे. तरी माझ्या बॅगेत सिरिंज तीसचीच भरायची, कारण तीसनं कधी दगा दिला नव्हता, आणि ब्लॉक अर्धवट लागला की सगळ्या ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, नजरा भूलतज्ज्ञाकडे वळतात.

सकाळी ११.४० : दोन तास आधी

फाइल पाहिली. रक्त कमी होतं, पण चालण्यासारखं. ईसीजी ठीक. वजन ५५. त्या आकड्यापुढे 'अंदाजे' हा शब्द नव्हता, आणि कागदावर लिहिलेला आकडा मोजल्यासारखाच दिसतो.

उजव्या हाताला सलाइन लावायला मी दंडाला रबराची नळी बांधली. एरवी ती एकदा गुंडाळून गाठ बसते. तिच्या दंडाभोवती ती दोनदा फिरली आणि तरी टोकं लोंबत राहिली. दंडावर चरबी नव्हतीच, स्नायूही एखाद्या दोरीसारखा. मला शीर लगेच सापडली याचा आनंद झाला.

त्या लोंबणाऱ्या टोकांकडे मी नीट पाहायला हवं होतं. बधिर करणारं औषध रक्तात उतरलं की त्यातलं बरंचसं स्नायूंमध्ये साठतं. ज्याचे स्नायू कमी त्याचं गोदाम लहान. उरलेलं औषध मेंदू आणि हृदय यांच्या वाट्याला येतं.

दुपारी १२.२५ : सव्वा तास आधी

ड्रेसिंगच्या खोलीत ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तिच्या कपाळाला चार टाके घातले. आधी जागा बधिर केली: ॲड्रेनलिनवालं दोन टक्के लिग्नोकेन, ५ मिली. काम चोख झालं. नोंद आपत्कालीन रजिस्टरात झाली. ओटीच्या कागदावर आली नाही, कारण ओटीच्या कागदावर तशी जागाच नव्हती. मी तिच्या कपाळावर ताजी पट्टी पाहिली. टाके घालताना काय दिलं, किती दिलं, हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

दुपारी १२.५२ : एकोणपन्नास मिनिटं आधी

सोनोग्राफीचं यंत्र त्या रुग्णालयाचंच होतं. मला स्वतःचं घेऊन फिरता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा आहे आणि यंत्र जिथे नोंदलेलं तिथेच वापरायचं. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही, मुलींसाठी तो हवाच.

पडद्यावर चित्र इतकं स्वच्छ आलं की मी ते सिस्टरांना दाखवलं. मधोमध धमनीचं काळं वर्तुळ धडधडतंय. खाली पहिल्या बरगडीची पांढरी रेघ, तिच्या बाजूला श्वासाबरोबर सरकणारं फुप्फुसाचं आवरण. धमनीला टेकून नसांचा द्राक्षांच्या घडासारखा पुंजका. सुई बाजूनं आली, तिचं टोक शेवटपर्यंत दिसत राहिलं. दर पाच मिलीला दट्ट्या मागे ओढून पाहिला, रक्त आलं नाही. औषधाचं काळं तळं नसांभोवती पसरलं. सुई शिरेत नव्हती, धमनीत नव्हती, फुप्फुसाच्या जवळपास नव्हती. गेल्या काही वर्षांतला माझा हा सगळ्यात देखणा ब्लॉक होता.

यंत्रानं धोका कमी होतो यात शंका नाही. ऑस्ट्रेलियातल्या पंचवीस हजारांहून अधिक ब्लॉक्सच्या नोंदी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यात सोनोग्राफीमुळे औषधाच्या विषबाधेची शक्यता सुमारे ६५ टक्क्यांनी कमी दिसली. पण यंत्र सुई दाखवतं. सिरिंजमध्ये किती मिलिग्रॅम आहेत हे ते दाखवत नाही, आणि समोरच्या माणसाला त्यातले किती पेलतील हेही नाही.

तो हिशेब मी त्या दिवशी असा केला. दोन टक्के म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम. १५ मिली लिग्नोकेन म्हणजे ३००. ॲड्रेनलिन असेल तर किलोला ७ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, ५५ किलोला ३८५. म्हणजे आत आहे. अर्धा टक्का बुपिवाकेन म्हणजे मिलीत ५. १५ मिलीत ७५. किलोला २ धरले तर ५५ किलोला ११०. हेही आत. दोन्ही आत, म्हणजे ठीक.

हे ठीक नव्हतं, आणि वजन बरोबर असतं तरी ठीक नव्हतं. दोन औषधांची विषबाधा वेगवेगळ्या खात्यांत जमा होत नाही, तिची बेरीज होते. ३८५ पैकी ३०० म्हणजे ७८ टक्के, ११० पैकी ७५ म्हणजे ६८ टक्के. एकूण १४६. दोन्ही औषधं आपापल्या मर्यादेत, आणि दोन्ही मिळून मर्यादेच्या दीडपट. ही चूक मी वर्षानुवर्षं करत आलो होतो आणि धष्टपुष्ट माणसांनी ती पोटात घातली होती.

आता ३८ किलोचा हिशेब करा. लिग्नोकेनची मर्यादा २६६, बुपिवाकेनची ७६. माझी तीस मिली तिच्या मापानं मर्यादेच्या दुप्पट होती. त्यात कपाळाचे १०० मिलिग्रॅम घाला, अडीचपट.

दुपारी १.१२ : एकोणतीस मिनिटं आधी

सुईनं टोचून पाहिलं. अंगठा बधिर, तर्जनी बधिर, मधलं बोट बधिर.

"इथं टोचतंय का ताई?"

"व्हय, टोचतंय की."

करंगळी जागी होती. हसळीच्या वरच्या ब्लॉकमध्ये हे होतं. करंगळीकडे जाणाऱ्या नसा सगळ्यात खाली, बरगडी आणि धमनीच्या कोपऱ्यात दडलेल्या असतात. बुपिवाकेनला चढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि वीसच झाली होती. दहा मिनिटं नुसतं थांबलो असतो तर बहुतेक तीही झोपली असती. सर्जन हात धुऊन कोपरं वर धरून उभे होते. त्यांनी घाई केली नाही, एवढंच विचारलं, "झालं का सर?" बाहेर आणखी दोन रुग्ण उपाशी बसले होते.

ती घाबरली होती म्हणून १ मिलिग्रॅम मिडाझोलाम दिलं.

दुपारी १.१८ : तेवीस मिनिटं आधी

टॉप-अप. त्या कोपऱ्यात ५ मिली बुपिवाकेन, २५ मिलिग्रॅम. पडद्यावर ते अगदी हव्या त्या जागी गेलं.

दुपारी १.३० : अकरा मिनिटं आधी

करंगळीही गेली. सर्जनांनी जखम धुवायला सुरुवात केली. मी भिंतीकडच्या टेबलावर कागद भरत होतो. हिरव्या पडद्याआडून तिचा आवाज आला.

"पाणी द्या वो."

"ऑपरेशन झाल्यावर देऊ हं," सिस्टर म्हणाल्या.

"तोंडात कसंतरीच लागतंय. कोयत्याला जीभ लागल्यावानी."

"काही नाही होत, झोपा शांत."

हे वाक्य मी ऐकलं. मराठीत ऐकलं, स्पष्ट ऐकलं. या विषबाधेची लक्षणं पुस्तकात पहिल्या पानावर असतात: तोंडात धातूची चव, जीभ आणि ओठांना मुंग्या, कानात आवाज. परीक्षेत मी ते तोंडपाठ सांगितलं होतं. पण पुस्तकात कोयता नव्हता. उपाशी, घाबरलेली बाई काहीतरी बोलतेय, असं वाटून मी टॉप-अपची वेळ लिहिली आणि खाली सही केली.

ब्लॉक देऊन अडतीस मिनिटं झाली होती. मनात होतं की जे काही व्हायचं ते पहिल्या दोन-तीन मिनिटांत होतं, सुई चुकून शिरेत गेली तर. ती वेळ टळली होती. पण ऊतींमधून औषध सावकाश रक्तात झिरपतं आणि रक्तातली पातळी अर्ध्या-पाऊण तासानं शिगेला पोचते. सुई शिरेत जाणं सोनोग्राफीनं खूप कमी केलं. उरतं ते हे उशिराचं झिरपणं, आणि ते होतं तोवर डॉक्टर खुर्चीवर बसलेला असतो.

दुपारी १.३८ : तीन मिनिटं आधी

ती बोलायची थांबली. मला वाटलं मिडाझोलाम लागू पडलं. नाडी ८८ वरून ११८ झाली होती. मी उठून तिच्या उशाशी आलो. वरच्या ओठाचा डावा कोपरा उडत होता, एखादी माशी हाकलावी तसा, पुन्हा पुन्हा.

"ताई? ताई, डोळे उघडा."

डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत नव्हते.

दुपारी १.४१

झटके आले. सगळं अंग ताठ झालं आणि मग टेबल हलायला लागलं. सर्जनांनी मोडका हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. मी मास्क लावून शंभर टक्के ऑक्सिजन दाबायला सुरुवात केली, सिस्टरांनी मिडाझोलाम दिलं. झटका आलेल्या माणसाचा श्वास थांबतो, रक्त आंबट होतं, आणि आंबट रक्तात हे औषध हृदयाला अधिकच घट्ट धरतं. म्हणून आधी श्वास. दीड मिनिटात झटके थांबले आणि मॉनिटरवर नजर गेली.

ईसीजीची टोकदार शिखरं पसरली होती, एकेक बुटकी आणि रुंद, टेकड्यांसारखी. नाडी ६०, ४४, ३८. मग मॉनिटरवर टेकड्या चालूच होत्या आणि तिच्या मानेला लावलेल्या माझ्या बोटांखाली काही नव्हतं.

१.४४.

बुपिवाकेन हृदयाच्या पेशींमधली विजेची दारं बंद करतं. लिग्नोकेनही करतं, पण ते आलं तसं लवकर निघतं. बुपिवाकेन चटकन शिरतं आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात पुरतं बाहेर पडतच नाही. पुढचा ठोका येतो तेव्हा ते अजून दारात उभं असतं. १९७९ साली जॉर्ज अल्ब्राइट या अमेरिकन भूलतज्ज्ञानं एका संपादकीयात याच औषधानं हृदय बंद पडल्याच्या घटनांकडे जगाचं लक्ष वेधलं, आणि अशी बंद पडलेली हृदयं परत चालू होणं किती कठीण असतं हे त्यानंतर पुन्हा पुन्हा दिसलं.

छाती दाबायला सर्जन स्टुलावर चढले. तिची छाती इतकी अरुंद होती की त्यांचे दोन तळवे ती पूर्ण झाकत होते. तेव्हा ते म्हणाले, आणि ते वाक्य माझ्या कानातून जात नाही, "सर, ही पंचावन्नची नाहीये."

मी सवयीनं ॲड्रेनलिनचा पूर्ण १ मिलिग्रॅम दिला. दिल्यावर आठवलं की या कारणानं हृदय थांबलं असेल तर ॲड्रेनलिन किलोला एक मायक्रोग्रॅमहून जास्त द्यायचं नाही, ते हृदयाला आणखी अडचणीत टाकतं. पुढचे डोस चिमटी-चिमटीनं दिले. बधिर करायला वापरलेलं लिग्नोकेनच हृदयाच्या ठेक्यासाठी शिरेतूनही देतात, ते औषध सिस्टरांनी सवयीनं हातात घेतलं होतं, ते बाजूला ठेवायला सांगितलं. प्रोपोफॉलची पांढरी बाटलीही तशीच दूर ठेवली. तिच्यात स्निग्धांश असतो, पण या कामाला पुरेल एवढा नाही, आणि ती स्वतःच हृदयाला मंद करते.

"लिपिड आहे का आपल्याकडे? २० टक्के?"

कोणालाच कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो, "पांढरं सलाइन, दुधासारखं."

"सर, कमी दिवसांच्या बाळांना लावतात ते?" सिस्टर म्हणाल्या. "ते स्टँडमागच्या लहान मुलांच्या दवाखान्यात असतं."

ओटीतले मामा तोवर दारातून बाहेर पडलेही होते. हिरव्या कपड्यांत, ओटीच्या चपला घालून, मोटारसायकलवर. त्या दवाखान्याला फोन लागला. बाटली घेऊन रस्त्यावर उभं राहा, एवढंच सांगितलं.

पुढची पंधरा मिनिटं मी लिहू शकत नाही. दोन-दोन मिनिटांनी हात बदलत आम्ही चौघं छाती दाबत होतो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, शिकागोचे उंदीर. गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये दाखवलं की उंदरांना आधी स्निग्ध द्रावण दिलं तर त्यांना मारायला जास्त बुपिवाकेन लागतं. औषधाला स्निग्ध पदार्थ आवडतो; रक्तात तेलाचे थेंब आले की ते हृदयातून निघून त्यांच्यावर बसतं आणि थेंब त्याला स्नायूंकडे, यकृताकडे वाहून नेतात. आठ वर्षं ते प्रयोगशाळेतच राहिलं. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयात खांद्याच्या ब्लॉकनंतर ५८ वर्षांच्या एका माणसाचं हृदय थांबलं. वीस मिनिटं सगळे उपाय झाले, काही उपयोग नाही. मग कोणीतरी त्या उंदरांची आठवण ठेवून १०० मिली लिपिड दिलं. तो माणूस शुद्धीवर आला आणि त्याच्या मेंदूला काहीही इजा झाली नव्हती.

वीस मिनिटं. हा आकडा मी त्या ओटीत मोठ्यानं म्हणालो. कोणी थांबायचं नाव काढू नये म्हणून.

१.५९. मामा आले. बाटली शर्टाच्या आत छातीशी धरलेली होती.

किलोला दीड मिलीचा पहिला डोस. मी अजूनही ५५ च धरत होतो, म्हणून ८० मिली, मोठ्या सिरिंजनं, दोन-तीन मिनिटांत. मग बाटली धारेनं सोडली. २.०६ ला पुन्हा ८०. २.०९ ला सर्जनांनी हात उचलले आणि पडद्यावरच्या टेकड्या अरुंद व्हायला लागल्या. मी मानेला बोटं लावली. आधी मला ती माझीच नाडी वाटली. सिस्टरांनी दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि मान हलवली.

बाहेर नवरा बाकावर बसला होता. मी त्याला सांगितलं की बधिर करायचं औषध जास्त झालं, माझ्याकडून झालं, हृदय थांबलं होतं, आता चालू आहे, मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. तो उभा राहिला. त्यानं आधी विचारलं, "हाय ना?" मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "मी बी येतो गाडीत." रुग्णवाहिकेत ती दोन तास, शेजारी तो, उशाशी मी, आणि हुकाला ती अर्धी पांढरी बाटली.

मध्यरात्रीनंतर ती शुद्धीवर आली. नळी काढल्यावर तिनं पाणीच मागितलं.

हाताला प्लेट चौथ्या दिवशी तिथेच बसवली. मी गेलो होतो. तिथल्या भूलतज्ज्ञ बाईंनी मला विचारून, तिला आणि नवऱ्याला समजावून, पुन्हा ब्लॉकच ठरवला होता: सोनोग्राफीखाली, ०.३७५ टक्के रोपिवाकेन, १८ मिली. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर त्यांनी मिलीच्या शेजारी मिलिग्रॅम लिहिले होते, ६७.५, आणि त्यापुढे किलोसाठी एक जागा मोकळी सोडली होती. लिपिडची बाटली ट्रॉलीच्या वरच्या खणात होती.

तिथल्या सिस्टरांनी वजनकाटा चाकांवरून ढकलत खोलीत आणला. शर्ट नव्हता, डोक्याचं फडकं नव्हतं. गळ्यात झोळी, झोळीत हात. एका हातानं माझ्या दंडाला धरून ती काट्यावर चढली आणि काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून थांबली, कारखान्याच्या काट्यावर गाडी उभी राहते तशी.

"किती भरलं?"

"अडतीस," सिस्टर म्हणाल्या.

"म्हंजी पोत्याएवढीबी न्हाई," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो पुढे झाला, काट्यावरचा आकडा वाकून स्वतः वाचला, आणि तिला खाली उतरवलं.